हौदात काय होतं

बकुळा : मीठ झालं, साखर झाली. आता रॉकेल. बाबा, रॉकेल कशात घालू?

तुळशीदास : काय?

बकुळा : रॉकेल, बाबा.

तुळशीदास : मोठ्यानं बोल गो बाय. बावीस वर्षं गिरणीत साच्यावर काढली, कान तिथंच ठेवून आलो. रॉकेल नाय घरात. काल तुझी आई दोन तास लायनीत उभी होती, रिकामा डबा घेऊन आली.

बकुळा : आणायचं नाहीये. वहीत लिहायचंय. उर्मिलाबाईंनी घरातले वीस पदार्थ लिहून आणायला सांगितलेत. प्रत्येकापुढे मूलद्रव्य, संयुग की मिश्रण ते लिहायचं, आणि का ते. उद्या तपासणार आहेत.

तुळशीदास : घरात वीस पदार्थ आहेत काय?

बकुळा : अकरा झाले. पाणी, हवा धरून.

तुळशीदास : हवा पण धरलीस? मग होतील वीस. ते काय म्हणालीस, संयुग, ता काय असता?

बकुळा : सोपं आहे. मूलद्रव्य म्हणजे एकच वस्तू. तांबं घ्या. कितीही बारीक केलं तरी तांबंच. मिश्रण म्हणजे दोनतीन वस्तू एका जागी, पण ज्याचा त्याचा गुण ज्याच्या त्याच्याकडे. रेशनच्या तांदळात खडे असतात ना, तसं. बसून निवडले की वेगळे.

तुळशीदास : हा, ता समजला.

बकुळा : आणि संयुगात दोन वस्तू अशा मिळतात की दोघींचे आधीचे गुण जातात. तिसरंच काहीतरी होतं. मग निवडून वेगळं काढता येत नाही.

तुळशीदास : मग आपला पितळेचा हंडा?

बकुळा : पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मिश्रण. पण तो कुठं आहे आता? संपाच्या दुसऱ्या वर्षी मोडीत दिलात.

तुळशीदास : तरी लिही. माझ्या आयशीच्या लग्नातला होता.

बकुळा : बाई म्हणाल्यात, घरात आहे तेच लिहा.

तुळशीदास : बरं. मग नको लिहू. मिठाला काय कारण दिलंस?

बकुळा : सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं. क्लोरीन विषारी वायू. आणि दोन्ही मिळून झालं मीठ, जे आपण रोज आमटीत घालतो. म्हणून संयुग.

तुळशीदास : आग आणि विष मिळून मीठ.

बकुळा : हो. क्लोरीनचा धडाच आहे पुढं. हा बघा. "क्लोरीन हे मूलद्रव्य आहे. हा हिरवट पिवळ्या रंगाचा, घुसमटवणारा वायू आहे."

तुळशीदास : कसल्या रंगाचा?

बकुळा : हिरवट पिवळ्या.

तुळशीदास : वायूला रंग असतो?

बकुळा : बऱ्याच वायूंना नसतो. याला असतो. काय झालं? पाणी देऊ का? अकरा दिवस झाले, तुमचा खोकला जात नाही. डोळे पण अजून लालच आहेत.

तुळशीदास : पाणी नको. पुढं वाच. तो येतो कशातून, ता दिलाय काय?

बकुळा : "विरंजक चूर्णावर आम्लाची क्रिया केली असता क्लोरीन वायू मुक्त होतो."

तुळशीदास : माझ्या भाषेत सांग.

बकुळा : विरंजक चूर्ण म्हणजे ब्लीचिंग पावडर. म्युनिसिपालिटीवाले गटारात टाकतात ती पांढरी. आणि आम्ल म्हणजे अॅसिड. पावडर नुसती पडून राहिली तर थोडाफार वास येतो. पण तिच्यावर अॅसिड पडलं की क्लोरीन एकदम बाहेर पडतो.

तुळशीदास : ती पावडर ओली होऊन सुकली, दगडासारखी झाली, तर कशी दिसते? चुन्यासारखी?

बकुळा : दिसत असेल. पांढरी पावडर सगळी सारखीच दिसते. चुना काय, सोडा काय. वर्गात बाईंनी चार बशा ठेवल्या होत्या, कोणालाच ओळखता आलं नाही.

तुळशीदास : चुन्यावर अॅसिड पडला तर?

बकुळा : चुना तापेल, फसफसेल. क्लोरीन नाही येणार. चुन्यात क्लोरीनच नाही.

तुळशीदास : धूर हिरवा होणार नाय.

बकुळा : नाही. बाबा, हे तुम्ही का विचारताय?

तुळशीदास : अजून काय लिहिलंय त्यात?

बकुळा : "हा वायू हवेपेक्षा जड असतो."

तुळशीदास : म्हणजे?

बकुळा : वर जात नाही. खाली बसतो. खड्डा असला तर खड्ड्यात भरून राहतो. बाबा, वही का मिटलीत? नऊ राहिलेत अजून.

तुळशीदास : तो हौदाच्या तळाला बसला होता, बकुळे.

बकुळा : कोण? राजारामकाका?

तुळशीदास : पत्र्याचा तुकडा घेऊन तळ खरवडत होता. पांढरा थर होता, वीतभर. मी वर. जुनी पिंपं धुवायची, त्यांच्यावरची नावं काथ्यानं घासून काढायची, काळा रंग मारायचा, हाच धंदा त्या शिवडीच्या गोदामात. तळाला जे राहील ते हौदात. मुकादम बोलला, हे तीन कॅन हौदात सोड, थर मऊ पडेल. मी विचारला, यात काय आहे? बोलला, साबणाचं पाणी.

बकुळा : काका आत असताना?

तुळशीदास : मी बोललो, त्याला वर घेतो आधी. बोलला, कशाला, साबणाचं पाणी आहे, पाय धुतले जातील त्याचे.

बकुळा : कॅनवर काही लिहिलं नव्हतं?

तुळशीदास : नाव तर मीच सकाळी घासून काढला होता. इंग्लिश होता. माका काय वाचता येता?

बकुळा : कवटीचं चित्र होतं का? खाली दोन हाडं?

तुळशीदास : होता. तिथं सगळ्यांवरच असता. रोज बघून बघून डोळ्यांना दिसेनासा होता.

बकुळा : तुम्ही आम्हाला सांगितलंत, काका दारू पिऊन उतरले आणि कोंडलेल्या हवेनं गुदमरले.

तुळशीदास : मुकादमानं तसा लिहून आणला. तिसऱ्या दिवशी. मी सही केली.

बकुळा : काका प्यायले होते?

तुळशीदास : नाय. तो कधीच नाय प्याला. आख्खं साचेखातं पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जायचं, हा भुईमूग घेऊन घरी.

बकुळा : मग सही का केलीत?

तुळशीदास : तो बोलला, कॅन कुणी ओतले? तू ओतलेस. खरं लिहिलं तर फास तुझ्या गळ्याला. हा मेला, त्याचं आता काय जातंय? आणि सोमवारपासून कामावर ये. गेलो मी. दोन वर्षं रिकामा बसलेला माणूस. गेलो. त्याच हौदाशी.

बकुळा : रखमाकाकींना सांगायला पाहिजे.

तुळशीदास : काय सांगू? माझ्या हातानं मारला म्हणून?

बकुळा : हो.

तुळशीदास : मला आत घेतील, बाय. तुझी आई खानावळीत चपात्या लाटते, तिच्यावर चार तोंडं. तुझी शाळा सुटेल.

बकुळा : सुटली तर सुटली. तळमजल्यावर सगळे म्हणतात, बेवडा मेला. मीपण म्हटलं, बाबा. मैत्रिणींना. तुम्ही सांगितलंत म्हणून.

तुळशीदास : हळू बोल.

बकुळा : हळू बोललं तर तुम्हाला ऐकू येत नाही.

तुळशीदास : गॅलरीत कोण आहे बघ. दाराशी सावली हलली वाटतं.

बकुळा : रखमाकाकीच आहेत. या ना काकी.

रखमा : हायेत का भावजी? म्या बसत न्हाई. एकच इचारायला आले.

तुळशीदास : बसा वैनी. काल दहावं झालं ना? मी येणार होतो.

रखमा : आला न्हाईत. झालं दहावं. थोरले दीर गावास्नं आलते. म्हनले, नशेत मेलेल्याचं मी काय करनार न्हाई. बसून ऱ्हायले लांब, पेपर वाचत. माज्या भावानं केलं सगळं. भावजी, तुमी त्यांच्यासंगं बावीस वर्सं एका लायनीत काम केलं. माज्याकडं बघून सांगा. त्या दिशी प्याले व्हते का?

तुळशीदास : वैनी, कागदावर काय आहे ते—

रखमा : कागद न्हाई इचारला म्या. कागदावर तुमचीच सही हाय, ठावं हाय मला. हवालदारानं दावली. म्हनून तर आले.

तुळशीदास : बकुळे, पाणी दे काकीला.

रखमा : पानी नगं. त्यास्नी घरी आनलं तवा म्या तोंडाचा वास घेतला. बाया मला वडत व्हत्या, म्हनत व्हत्या, येडी झालीस का. तरी घेतला. दारूचा न्हवता. चाळीच्या गटारीत पावडर मारत्यात न्हवं, त्यो वास. कापडाला तसाच, केसाला तसाच. डागदरचा कागद यायला म्हैना लागंल म्हनत्यात. मला म्हैनाभर थांबवत न्हाई.

बकुळा : बाबा.

तुळशीदास : मी ऐकतोय.

बकुळा : तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते.

रखमा : काय सांगतीस ग?

तुळशीदास : तू गप बस. मी सांगतो. वैनी, तो प्याला नव्हता.

रखमा : व्हय.

तुळशीदास : हौदाच्या तळाला ती गटाराची पावडरच होती. आम्हाला चुना वाटला. त्याला पण आणि मला पण. मुकादमानं कॅन दिले, साबणाचं पाणी म्हणून. त्यात अॅसिड होतं. ते मी ओतलं. वरनं. तो आत असताना.

रखमा : तुमी.

तुळशीदास : मी.

रखमा : ठावं न्हवतं तुमास्नी?

तुळशीदास : नव्हतं. आत्ता कळला, तुम्ही यायच्या जरा आधी, हिच्या पुस्तकातनं. पण मी ओतला, ते त्याच दिवशी माहीत होतं. आणि तरी सही केली.

रखमा : वतलं तवा ते वरडले न्हाईत?

तुळशीदास : ओरडला असेल. माका ऐकू नाय आला. साच्यांच्या आवाजात आम्ही बावीस वर्षं ओठांवरनं बोललो, वैनी. तो समोरच्या साच्यावरनं नुसते ओठ हलवायचा, मला सगळा समजायचा. त्या दिवशी खालून एकदम पिवळा धूर आला. तोंड उघडलेलं दिसला, ओठ नाय दिसले. मला वाटला, लवकर ओत म्हणतोय. मी दुसरा कॅन उचलला.

रखमा : दुसरा बी वतला.

तुळशीदास : अर्धा. मग माझाच श्वास बंद झाला. पडलो मागं. दोरी टाकली, त्यानं धरली नाय. मग तोंडाला ओलं फडकं बांधून शिडीवरनं अर्ध्यात उतरलो, कॉलरला धरून ओढला.

रखमा : भाईर आनलं तवा जित्ते व्हते?

तुळशीदास : होता. माझं मनगट धरून होता.

रखमा : काय बोलले?

तुळशीदास : पाणी मागितला.

रखमा : दिलंसा?

तुळशीदास : मुकादम नको बोलला. मी दिला. दोन घोट गेला. बाकीचा बाहेर आला.

रखमा : दिलं म्हना की. पानी दिलं.

बकुळा : काकी, बसा ना.

रखमा : बसाया आले न्हाई. भावजी, सदरा घाला. चौकीवर जायाचं.

तुळशीदास : आत्ता?

रखमा : आत्ता. उद्या तुमचं मन फिरंल.

तुळशीदास : मला आत टाकतील, वैनी. शेवंता कामावर आहे. तिला निदान—

रखमा : माज्या घरात तीन लेकरं हायेत. तुमी सही करताना मला इचाराया आला व्हता का?

बकुळा : बाबा, हा घ्या शर्ट. आईला मी सांगते, खानावळीत जाऊन.

तुळशीदास : तुझा अभ्यास राहिला गो.

बकुळा : राहू दे. बटण चुकलंय. थांबा, मी लावते.

(पाच आठवड्यांनंतर. परळला, रखमाच्या खोलीत.)

रखमा : भाईर का हुबी? ये आत. जेवलीस का?

बकुळा : जेवले काकी. कागद आणलाय, रेघांचा. अर्ज लिहायला यायला सांगितलं होतं ना तुम्ही?

रखमा : व्हय. युनियनच्या मानसाला ईळ न्हाई. म्हनला, कुनाकडनं तरी लिवून आना, फॅक्टऱ्या तपासनाऱ्या सरकारी साहेबाकडं मी देतो. डागदरचा कागद आला बग. दारूचा थेंब न्हवता पोटात. छाती जळाली व्हती आतनं.

बकुळा : बाबांनी सांगितलं.

रखमा : आता त्यो शेट म्हनतो, राजाराम नावाचा मानूस आमच्यात कामालाच न्हवता. चोरी कराया शिरला आसंल. मुकादम गावाला पळाला. पिंपं भरली टेम्पोत आन् रे रोडला दुसरीकडं उतरवली. हौदात माती टाकून वर फरशी घातली, सांगत्यात. कसा हाय बाप?

बकुळा : चार दिवस आत ठेवलं होतं. मग जामिनावर सोडलं. दर सोमवारी चौकीवर हजेरी लावायची. काम कुणी देत नाही. त्या गोदामवाल्यांनी सगळीकडे सांगून ठेवलंय. नुसते बसून असतात. आई त्यांच्याशी बोलत नाही.

रखमा : का?

बकुळा : म्हणते, सही केली तेव्हा तोंड शिवलं होतं, मग आता तरी कशाला उघडलं? शेजारीपण तसंच म्हणतात.

रखमा : आन् तू?

बकुळा : मी बोलते. मोठ्यानं बोलावं लागतं, मग आईला पण ऐकू जातं. काकी, त्यांना तुमच्याकडे यायचंय. अर्जाला काही मदत लागली तर. साक्षीला तर येतीलच.

रखमा : साक्षीला येऊ दे. कोर्टात, साहेबाच्या हापिसात, सांगंल तिथं येऊ दे. हितं नगं. लेकरांना ठावं हाय आता. धाकटी त्यांच्या मांडीवर वाढली. तिच्यापुढं त्यास्नी कसं बसवू मी?

बकुळा : बरं. सांगते.

रखमा : तू येत जा. तुजं काय न्हाई. लिव आता.

बकुळा : "माननीय साहेब, मी खाली अंगठा करणारी रखमाबाई राजाराम जगदाळे. माझे पती राजाराम ज्ञानू जगदाळे हे गिरणीत साचेवाले होते. संपानंतर गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही." बरोबर आहे?

रखमा : कितींदा गेले गेटावर, ते घाल.

बकुळा : किती वेळा?

रखमा : रोज. सा म्हैने रोज.

बकुळा : "ते सहा महिने रोज गेटवर जात होते. नंतर शिवडीच्या गोदामात पिंपं धुण्याच्या कामाला लागले. दिनांक—"

रखमा : मंगळवार व्हता.

बकुळा : तारीख घालते. "मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ते हौदाच्या तळाशी काम करत असताना वरून अॅसिड ओतण्यात आलं. हौदात ब्लीचिंग पावडर होती. दोन्ही एकत्र येऊन क्लोरीन हा विषारी वायू तयार झाला. तो जड असल्यामुळे हौदात साठून राहिला. पिंपांवरची नावं मालकाच्या हुकमानं पुसलेली असत, त्यामुळे कामगारांना कशात काय आहे ते कळत नसे. माझे पती दारू पीत नव्हते."

रखमा : ते वर घे. शेवटाला नगं. पयलं तेच लिव.

बकुळा : मग परत लिहावं लागेल सगळं.

रखमा : लिव परत. कागद हाय न्हवं?

बकुळा : आहे. थांबा. "माझे पती राजाराम ज्ञानू जगदाळे दारू पीत नव्हते." असं सुरू करते.

रखमा : आसं.

बकुळा : बाकी सगळं तसंच उतरवते. झालंच. "अॅसिड ओतण्यात आलं—"

रखमा : कुनी वतलं?

बकुळा : ते इथं घालते. "मुकादमाच्या सांगण्यावरून कामगार तुळशीदास बाबू राऊळ यांनी ओतलं."

रखमा : बापाचं नाव घातलंस.

बकुळा : ते म्हणाले, घाल. पूर्ण नाव घाल म्हणाले.

रखमा : नुसतं 'एका कामगारानं' म्हनून लिवलं तर चालंल का?

बकुळा : चालेल बहुतेक.

रखमा : मग तसं लिव की. तुज्या हातानं कशाला?

बकुळा : नको काकी. नाव नसलं तर साहेब म्हणतील, कामगार कोण, कुठला, होता की नव्हता. परत सगळं खोटं ठरवतील. राहू दे.

रखमा : बापाला वाचून दावलंस का?

बकुळा : घरी कच्चं लिहिलं होतं, ते दाखवलं. मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

रखमा : काय म्हनला?

बकुळा : काही नाही. आडनावात दीर्घ ऊ आहे म्हणाले. मी ऱ्हस्व काढला होता.

रखमा : हं. झालं का लिवून? कुठं करू अंगठा, दाव.

बकुळा : इथं काकी. शेवटी साक्षीदार म्हणून बाबांचं नाव आहे, त्याखाली जागा ठेवलीय.